काकांचं नाक आणि आईची झोप

पौष वद्य षष्ठी, मंगळवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दोन हजार चारशे रुपये. हजर: मी, माझी पत्नी, वॉर्डातली सिस्टर आणि खाट क्रमांक चारवर माझी आई. आम्ही हजर आहोत हे तिला कळत होतं की नाही, ते आम्हाला कळत नव्हतं.

रक्कम एका यंत्राची होती. लोट्याएवढं पांढरं यंत्र. त्यात पाणी घालायचं, सुगंधी तेलाचे पाच थेंब टाकायचे आणि बटण दाबायचं, की वरून गार वाफ निघते. सोबत केवड्याची एक आणि चंदनाची एक बाटली. मोबाईलवरून मागवलं होतं. आईला केवडा आवडतो हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होतं, कारण वडील दर दिवाळीला केवड्याची कुपी आणायचे आणि आई ती घ्यायची.

यंत्र सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. एक उंच, वाळकुडे म्हातारे गृहस्थ वॉर्डात आले, कोणाकडेही न बघता भिंतीपाशी गेले आणि त्यांनी प्लग ओढून काढला.

"कोणाचं हे?"

"माझं," मी म्हणालो.

"कितीला पडलं?"

"चोवीसशे. बाटल्या धरून."

"म्हणजे चोवीसशे खर्चून आईला त्रास दिलात."

माझी पत्नी काही बोलणार होती. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि आईच्या मानेकडे बोट दाखवलं. आईचं तोंड भिंतीकडे होतं. मानेची शीर ताणून दोरीसारखी झाली होती.

"तुम्हाला वाटतं, ह्या कुशीवर वळल्यात. अहो, ह्या पळतायत. पाय चालत नाहीत म्हणून मानेनं पळतायत."

सिस्टरनं खिडकी उघडली. पाचेक मिनिटांनी आईची मान सैल पडली. ते मी घड्याळात पाहिलं. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागलो. तिथे सगळेच म्हणत. सिस्टर मात्र पाठीमागे 'नाकवाले काका' म्हणायची.

देवासला टेकडीच्या मागच्या अंगाला एका ट्रस्टचं आठ खाटांचं घर आहे. जी माणसं आता बरी होणार नाहीत, त्यांना तिथे शेवटपर्यंत ठेवतात. दुखणं आवरतात, स्वच्छ ठेवतात, नातेवाइकांना जवळ बसू देतात. आईच्या पोटातला कर्करोग पसरला, तेव्हा आम्ही तिला धारहून तिथे आणलं. मी धारच्या एका कचेरीत ऑडिटचं काम करतो. एक दिवसाआड इंदूरला बस बदलून देवासला जायचो, पत्नी तिथेच राहायची.

तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या औषधांनी आईचं दुखणं बरंचसं ताब्यात आलं होतं. ताब्यात नव्हती ती भीती. उजव्या हातानं ती खाटेचा लोखंडी कठडा धरून ठेवायची, झोपेतसुद्धा. झोप म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, की दचकून जागी. अंग पुसायला कोणी हात लावला की ओरडायची. माझा हात असला तरी. पाठीवर जखम होऊ नये म्हणून तिला दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवावं लागे आणि सहाही वेळा ती ओरडे. आई बरी व्हावी ही माझी मागणी केव्हाच संपली होती. तिनं तो कठडा सोडून एकदा स्वस्थ झोपावं, एवढंच मागणं उरलं होतं.

काकांनी देवासच्या एका साबणाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं नाकानं नोकरी केली होती. माल बाहेर जाण्याआधी प्रत्येक घाण्यातला साबण हुंगायचा आणि 'जाऊ दे' किंवा 'थांबव' म्हणायचं, एवढंच काम. निवृत्त झाले त्या दिवसापासून त्यांनी अंगाला साबण लावला नाही. बेसनानं आंघोळ करत. कांदा-लसूण सोडलेला. मी विचारलं, "व्रत आहे का?" तर म्हणाले, "छे हो, देवाचं मला काय! सर्जन सुरी घासतो, तसं हे."

दोन वास घेण्यामध्ये ते स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगत. "आपलं कातडं म्हणजे कोरी पाटी. आधी पाटी पुसायची, मग पुढचं लिहायचं." बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत, कुठेही कोपर नाकाशी नेत. लोक वळून बघत. काकांना त्याचं काही नव्हतं.

घराच्या दारावर ट्रस्टनं पाटी लावली होती: 'अरोमाथेरपी, मंगळवार व शुक्रवार'. काकांना ती पाटी अजिबात पसंत नव्हती. "थेरपी डॉक्टरीणबाई करतात. मी हुंगवतो. त्यांची एक गोळी माझ्यामुळे कमी व्हायची नाही, समजलं?" नव्या नातेवाइकाला ते आधी हेच ऐकवत. तेल कातडीला लावू देत नसत. दम्याच्या रोग्याजवळ डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय जात नसत. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, उशीपासून दोन वीत लांब, दहा मिनिटं. मग बोळा डबीत बंद. मळमळणाऱ्यांना संत्र्याची ताजी साल, तापानं तलखी होणाऱ्यांना ओला वाळा. औषध देताना मात्र कुठलाही वास जवळ नको. "ज्या वासात कडू गोळी गिळली, तो वास मग गोळीचाच होतो."

त्यांचं आणखी एक बोलणं माझ्या लक्षात राहिलं आहे. "डोळे मिटता येतात. नाक मिटलं की माणूस संपला. म्हणून नाकाला विचारल्याखेरीज काही द्यायचं नाही."

मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. ते वॉर्डाच्या दारात उभे राहून "तीन नंबरला ताप चढतोय" असं म्हणायचे, तेव्हा मला तो रुबाब वाटायचा. मी सिस्टरला थर्मामीटर लावायला सांगू लागलो. त्या दिवसांत काका असं सात वेळा म्हणाले. सहा वेळा ताप निघाला. सातव्या वेळी निघाला नाही. दोन तासांनी निघाला.

"हिशोबनीस," काका मला म्हणाले, "माझं ऑडिट झालं का?"

तेव्हापासून मी हिशोबनीस.

पण सगळ्यांना त्यांचा गुण येत होता असं मी लिहिणार नाही. माझ्यासमोर त्यांनी आईखेरीज आठ जणांना वास दिले. चौघांना काही बरं वाटल्याचं दिसलं. तिघांना काहीच झालं नाही. एका बाईंना त्रास झाला. त्या शाळेत शिकवायच्या. घरच्यांनी सांगितलं, मोगरा आवडतो. काकांनी मोगऱ्याचा बोळा ठेवला आणि बाई हुंदके देऊन रडू लागल्या, थांबेचनात. मागाहून कळलं, त्यांची मुलगी गेली तेव्हा तिच्या केसांत मोगरा होता. काकांनी बोळा उचलला, बाईंच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि बाहेर गेले. पुढचे दोन वार आले नाहीत. आले तेव्हा प्रश्न बदलला होता. काय आवडतं, हे विचारण्याआधी ते विचारू लागले, "यांच्यासमोर काय आणायचं नाही?"

आईबद्दल त्यांनी मला पायरीवर बसवून विचारलं. हातात डायरी नाही, काही नाही.

"काय आणायचं नाही?"

"केवडा," मी म्हणालो. एव्हाना मला ते कळलं होतं. वडिलांनी आणलेली कुपी आई घ्यायची, कपाटात ठेवायची आणि ती तशीच उडून जायची. आम्ही बघत होतो ते घेणं. लावणं कोणी बघितलंच नव्हतं.

"माहेर?"

"धारच. आजोबा दरबारात कारकून होते. संस्थानं विलीन झाल्यावर सरकारी नोकरीत गेले."

"कडक घर?"

"फार. आईसुद्धा. सोवळं, ओवळं, शिवाशिव, सगळं."

"मग नियम मोडायच्या कुठे?"

मी म्हणालो, "आई? आई नियम मोडत नसे."

"सगळे मोडतात, हिशोबनीस. आठवा. मला घाई नाही."

ते कोपर हुंगत बसून राहिले. मला आधी राग आला, मग हसू आलं, कारण खरंच एक गोष्ट आठवली. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात घालायचे बेदाणे आई मुठीत घ्यायची, डोळे मिटायची आणि नाकाशी धरायची. देवाच्या नैवेद्याची वस्तू हुंगू नये, हे आम्हा मुलांना शिकवलं तिनंच. आम्ही चिडवायचो, "आई, देवाच्या आधी तूच जेवलीस!" ती म्हणायची, "किडके आहेत का बघते रे." मग तेच बेदाणे बाजूला ठेवून नैवेद्याला दुसरे घ्यायची. चाळीस वर्षांत एकही किडका निघाल्याचं मला आठवत नाही.

काकांचं कोपर खाली आलं.

"परत सांगा. मूठ भरून? डोळे मिटून?"

"हो."

"बेदाणा थोडा ओलसर असतो तेव्हा, की कोरडा?"

"जुना, काळपट झालेला. त्याचीच मूठ भरायची."

काका उठले. पायरीवरच दोन येरझाऱ्या घातल्या. "हा बेदाणा नव्हे हो. बेदाण्यात त्या दुसरंच काही शोधत होत्या. सुकलेला महुआ कधी हुंगलाय? मोहाची फुलं? जुन्या बेदाण्याची सख्खी बहीण. तुमच्या आई जंगलात कधी राहिल्या?"

"नाही. धारबाहेर ती लग्नापर्यंत गेलीच नाही."

"विचारा कोणाला तरी."

माझी मावशी धारला असते, आईपेक्षा सात वर्षांनी लहान. मी तिथूनच फोन लावला आणि विचारलं, "मावशी, आईचा महुआशी काही संबंध होता का ग?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो आधी बंद झाला.

"तुला उदयनगरचं कोणी रे सांगितलं?" मावशी म्हणाली.

कोणीच सांगितलं नव्हतं. मला पन्नास वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आजोबांची दरबारातून सरकारी नोकरीत गेल्यावर पहिली बदली झाली ती दोन वर्षांसाठी उदयनगरला, जंगल खात्यात मुन्शी म्हणून. दरबारात बसलेल्या माणसाला ती शिक्षाच वाटली. तिथे मावशीचा जन्म झाला. "कागदावर धार लिहिलंय," मावशी म्हणाली, "पण मी तिथली." बाळंतपणानंतर आजी सहा महिने अंथरुणाला खिळली. सात वर्षांच्या आईला शेजारची भिलाला आदिवासी बाई घेऊन गेली. दिवसा तिच्याबरोबर फुलं वेचायची, झोपायची तिच्या कुशीत, सुकवलेल्या महुआच्या ढिगाशेजारी. परत धारला आल्यावर पणजीनं आईला तीनदा न्हाऊ घातलं आणि झगा जाळला. मुन्शीच्या पोरीच्या अंगाला दारूचा वास येतो असं लोक म्हणाले असते. त्या दोन वर्षांचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं. आणि आईनं ते पाळलं. "मला एकदाच बोलली," मावशी म्हणाली. "म्हणाली, तशी झोप मला परत कधी लागली नाही. अरे, ती कशी आहे रे आता?"

मी फोन ठेवून काकांकडे पाहिलं. हा माणूस माझ्या आईला पंधरा दिवसांपासून ओळखत होता. मी तिच्या हातचा शिरा चाळीस वर्षं खाल्ला होता.

"मोबाईलवर महुआ मिळेल," मी म्हणालो.

"मिळेल. गोदामाचा वास लागलेला. आपल्याला उदयनगरचा हवा."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला, दोन बस बदलून गेला आणि दिवे लागायला परत आला. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाले, "तुम्ही आईजवळ बसा. नाक एकच पुरे." तिथे त्यांनी काय केलं, ते त्यांनीच सांगितलं. घराघरासमोर उभे राहून हुंगत गेले. बहुतेकांकडे फुलं पत्र्याच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पोत्यात होती, ती नको. गावाच्या टोकाला एका म्हातारीकडे मातीच्या कोठीत होती. ती घेतली. येताना बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, दारू है तो उतर जाओ भिया, चेकिंग है." काकांनी पिशवी उघडून दाखवली. "पुढचे दोन तास सगळी बस हुंगत होती," काका म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा माझ्यासारखी पन्नास माणसं एका जागी पाहिली."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता काका आले. माझ्या पत्नीला हाताचं क्रीम धुऊन यायला सांगितलं. सिस्टरनं फिनेलची बादली बाहेर नेली. पितळी वाटीत कोमट पाणी, त्यात दहा-बारा फुलं. ती वाटी घेऊन काका खाटेपाशी गेले नाहीत. दारात उभे राहिले.

"जवळ न्या की," मी कुजबुजलो.

"त्यांना ठरवू द्या."

पाच मिनिटं काही झालं नाही. मलाही आता वास येऊ लागला होता. गोड, जड, थोडा आंबूस. आईचं तोंड नेहमीसारखं भिंतीकडे होतं. मग तिची मान हलली. आधी वाटलं, श्वासानं हलली. पण ती वळत होती. भिंतीकडून दाराकडे, अगदी हळूहळू, मध्ये थांबत थांबत. काका दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

आईनं कठडा सोडला. एकदम नाही. करंगळी सुटली, मग तिच्याशेजारचं बोट, मग बाकीची. हात चादरीवर आला आणि बोटं चादरीवरून काहीतरी उचलू लागली. चिमटीत धरायची, तळहातात टाकायची. चिमटीत धरायची, तळहातात टाकायची.

"माँजी क्या बीन रही हैं?" सिस्टरनं विचारलं.

"बीनने दो," काका म्हणाले. "तुम चुपचाप पीठ पोंछ लो."

सिस्टरनं गरम पाण्याचा फडका घेतला आणि आईला कुशीवर वळवलं. मी डोळे मिटून घेतले, ओरडणं ऐकावं लागणार म्हणून. ओरडणं आलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा आईची पाठ ओली होती, सिस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आईचा तळहात, नसलेली फुलं भरून, उताणा पडला होता.

दहा मिनिटं झाली तशी काकांनी वाटीवर झाकण ठेवलं. मी म्हणालो, "राहू द्या ना थोडी."

"राहिला की तो वॉर्डाचा वास होईल. मग उदयनगर गेलं."

तीन चाळीसला आईला झोप लागली. सात वाजता जाग आली. तीन तास वीस मिनिटं, मध्ये एकदाही दचकली नाही. मी उठून काकांना सांगायला बाहेर गेलो. ते अजून पायरीवर बसून कोपर हुंगत होते.

त्यानंतर आई तेरा दिवस होती. वाटी रोज दोनदा निघायची. काका आता मंगळवार-शुक्रवार न बघता रोज यायचे. दोन दिवस आईनं पुन्हा कठडा धरला आणि वाटीचा काही उपयोग झाला नाही. शेवटच्या आठवड्यात दुखणं वाढलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं आणि ते वाढवायलाच हवं होतं. पण उरलेले दिवस ती अंग पुसू द्यायची. माझ्या हातानंही. मी पन्नास वर्षांचा माणूस, आईचे पाय पुसताना ती ओरडत नाही म्हणून ते पुन्हा एकदा पुसायचो.

शेवटच्या सकाळी काका वाटी घेऊन दारात आले, थांबले, एक श्वास घेतला आणि वाटीवर झाकण घातलं.

"आज नको. आज त्यांना कशाची गरज नाही. तुम्ही जवळ बसा."

दुपारी बाराच्या आत आई गेली. मुठी उघड्या होत्या.

तेरावा झाल्यावर मी देवासला काकांकडे गेलो. पाकीट पुढे केलं. त्यांनी ते हुंगलं, "नवी नोट, अजून शाईचा वास येतो," म्हणाले आणि परत दिलं.

"माझं काही निघत नाही. पण उदयनगरचं बाकी आहे. म्हातारीनं पैसे घेतले नव्हते. म्हणाली होती, झोपली तर कळवा. मी निरोप सांगू शकत नाही. मला वास कळतो. झोप तुम्ही मोजलीत."

आम्ही दोघं गेलो. पाकिटात पाचशे रुपये आणि पिशवीत एक साडी. म्हातारी अंगणात बसली होती. दारातून मातीची कोठी दिसत होती आणि तिच्यातून आईच्या मुठीतल्या बेदाण्यांचा वास येत होता. मी पाकीट आणि साडी तिच्यासमोर ठेवली. तिनं दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

"बीमार का वास्ते दियो थो, पइसा नी लूँ," ती म्हणाली. "या बता, सोई के नी?"

"सोई, माँजी," मी म्हणालो. "तीन घंटे बीस मिनट."

तिनं मान हलवली. "बस. हुई ग्यो."

पाचशे रुपये आणि साडी परत धारला आली. उदयनगरच्या त्या बाईला, काकांसमक्ष, पोचले ते तीन तास वीस मिनिटं.